वहीत नाव कुणाचं? स्त्री अभ्यासात एम.ए. करू पाहणाऱ्या एका मुलाला उत्तर

प्रश्न असा आहे: "मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय समाजशास्त्र. घरी कोरडवाहू शेती, दोन बहिणी. मला स्त्री अभ्यास किंवा जेंडर स्टडीजमध्ये एम.ए. करायचं आहे. वडील म्हणतात, हा बायकांचा विषय, तुझं तिथे काय काम? मित्र म्हणतात, हे अमेरिकेतून आलेलं फॅड आहे, बाई, जात, वंश, लैंगिकता सगळ्याची खिचडी. नक्की शिकवतात काय? हे शास्त्र आहे की चळवळ? आणि पुढे पोटापाण्याचं काय?"

सव्वीस वर्षं हा विषय शिकवते आहे आणि दर जूनमध्ये हेच प्रश्न कुणी ना कुणी विचारतं. मुलगे फार कमी विचारतात, म्हणून जरा निवांत लिहिते. वडिलांचा प्रश्न शेवटी घेईन.

शिकवतात काय, हे विद्यापीठाच्या संकेतस्थळावरची पेपरांची यादी वाचून कळत नाही. 'स्त्रीवादी सिद्धांत', 'लिंगभाव (म्हणजे जेंडर) आणि विकास', 'संशोधन पद्धती' अशी नावं असतात. ती वाचून मलाही झोप येते. त्यापेक्षा एका मुलीचं काम सांगते.

ती बीड जिल्ह्यातली, आईवडील ऊसतोडीला जाणारे. लघुप्रबंधाचा विषय ठरवायची वेळ आली तेव्हा तिने तीन-चार भारदस्त विषय आणले, सगळे पुस्तकातून उचललेले. मी विचारलं, "दिवाळीनंतर तुमच्या घरी कोण असतं?" म्हणाली, "आजी आणि कोंबड्या. बाकी सगळे कारखान्यावर." मग तिचं तिलाच दिसलं. तिने मुकादमाची वही बघायला मिळवली. मुकादम नात्यातला होता म्हणून मिळाली, नाहीतर कुणी दाखवत नाही. वहीत तिच्या वडिलांचं नाव, पुढे '१ कोयता', पुढे उचलीची, म्हणजे हंगामाआधी दिलेल्या आगाऊ पैशांची रक्कम आणि अंगठा. बस्स.

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता. आई ऊस तोडते, पाचट काढते, मोळ्या बांधते, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवते. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला भरते. मधल्या वेळात कोपीवरचा स्वयंपाक, पाणी, लेकरं. पण वहीत ती कुठेच नाही. उचल नवऱ्याच्या हातात पडते. कामावर दिवस चुकला की त्याला खाडा म्हणतात आणि खाड्याचे पैसे कापले जातात. ते मात्र जोडीतून. बाई तापाने पडली तरी खाडा, पोटात दुखून बसून राहिली तरी खाडा. मजुरी लिहिताना जी वहीत नव्हती, ती दंड लिहिताना बरोबर सापडते.

मुलीने आईला विचारलं, तुला किती मजुरी पडते? आई म्हणाली, "मला कशाची मजुरी? मी ह्यांच्यासंगं असते." हे वाक्य तिने जसंच्या तसं प्रबंधात घेतलं आणि त्याखाली आईच्या एका दिवसाचे चोवीस तास ओळीने मांडले, पहाटे साडेतीनपासून. त्या पानावर मला लाल पेन लावावंसं वाटलं नाही.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय गाजला आणि सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. वर्गात पहिल्या दिवशी उत्तरं आली ती ठरलेली: डॉक्टर लुटारू, बाया अडाणी. दोन्ही उत्तरांत खाडा नाही. पाळीच्या दिवसांत फडात ना आडोसा, ना पाणी. काम टाकलं तर पैसे कापणार. पिशवी काढली की 'कटकट गेली'. बरं, लग्नं इतकी लवकर का? परंपरा म्हणून? तीही असेल. पण पोराचं लग्न झालं की अर्ध्याचा पूर्ण कोयता होतो, आणि उचल जोडीवर मिळते. पोरीला एकटीला मागे गावात ठेवायची भीती हे आणखी एक कारण. या कामावर जाणारी माणसं बहुतेक कोरडवाहू पट्ट्यातली वंजारी, बंजारा, दलित. म्हणजे दुष्काळ, जात, कर्ज, साखरेचा धंदा, दवाखाना आणि लग्न, सगळं एका बाईच्या ओटीपोटाशी येऊन थांबतं. यातला कुठलाही एक धागा ओढला की बाकीचे कसे ताणले जातात, हे पाहायला आम्ही शिकवतो. तुमच्या मित्रांना ती खिचडी वाटते. पण ती आधीच शिजलेली असते, आम्ही निवडत बसतो.

दुसरं शिकवतो ते मोजायला, आणि मोजलेल्यावर शंका घ्यायला. रोजगाराच्या सरकारी पाहणीत घरोघर जाणारा माणूस प्रत्येकापुढे एक कोड टाकतो. ९२ म्हणजे फक्त घरकाम करणारी. ९३ म्हणजे घरकाम करून शिवाय सरपण, भाजीपाला, गुरांचा चारा गोळा करणारी, घरच्यापुरतं शिवणकाम वगैरे करणारी. दोन्ही कोड 'श्रमशक्तीबाहेर' धरले जातात. दिवसभर शेळ्या सांभाळून, चारा आणून, रानातून सरपण वाहून आणणारी बाई पाहणाऱ्याने ९३ मध्ये टाकली की देशाच्या हिशेबात ती काम करत नाही. २०१९ मध्ये केंद्र सरकारने पहिल्यांदा देशभर वेळवापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका तेव्हा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७ मिनिटं. आणि ही ९७ मिनिटं घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची सरासरी आहे. न लावणारे तिच्यात धरलेलेच नाहीत. एखादा आकडा वाचताना त्याच्या खालची बारीक ओळ आधी वाचायची, ही सवय दोन वर्षांत लागली तरी मी समाधानी असते.

या विषयाची भारतातली सुरुवातही अशाच एका आकड्यापासून झाली. १९७१ मध्ये सरकारने स्त्रियांच्या स्थितीचा आढावा घ्यायला समिती नेमली. फुलरेणू गुहा अध्यक्ष, वीणा मजुमदार सदस्य-सचिव. अहवाल आला १९७४ च्या अखेरीस. १९०१ मध्ये हजार पुरुषांमागे ९७२ बायका होत्या, १९७१ मध्ये ९३०. स्वातंत्र्य मिळालं, कायदे झाले, बायका शिकल्या, पंतप्रधान बाई होती आणि आकडा खाली जात होता. वीणाताईंच्या पिढीतल्या प्राध्यापक बायांना हा मोठा धक्का होता, कारण त्या स्वतः 'प्रगती झाली' याचा चालताबोलता पुरावा होत्या. अहवालाच्याच वर्षी, १९७४ मध्ये, मुंबईत एस.एन.डी.टी. विद्यापीठात नीरा देसाईंनी स्त्री अभ्यासाचा संशोधन विभाग सुरू केला. १९८१ मध्ये तिथेच पहिली राष्ट्रीय परिषद भरली. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने जागोजागी केंद्रं काढायला पैसे दिले. बाराव्या पंचवार्षिक योजनेबरोबर २०१७ मध्ये ती व्यवस्था डळमळली आणि बरीच केंद्रं तेव्हापासून 'पुढच्या पत्राची वाट पाहत' चालतात. प्रवेश घेण्याआधी ही गोष्ट माहीत असलेली बरी.

आता 'अमेरिकेचं फॅड'.

स्त्री अभ्यासाचा पहिला रीतसर अभ्यासक्रम १९७० मध्ये सॅन डिएगोच्या विद्यापीठात सुरू झाला, हे खरं. आज सगळे जो शब्द तोंडात घोळवतात तो 'इंटरसेक्शनॅलिटी' (दोन-तीन भेदभाव एकाच माणसावर एकमेकांना छेदून येतात ते) किंबर्ले क्रेनशॉ या काळ्या कायदेतज्ज्ञ बाईंनी १९८९ मध्ये वापरात आणला, हेही खरं. पण तो शब्द कुठून आला ते मित्रांना माहीत आहे का विचारा. जनरल मोटर्सच्या कारखान्यात १९६४ आधी काळ्या बायकांना घेतच नसत. पुढे घेतल्या. मग सत्तरच्या दशकात मंदी आली, कंपनीने ज्येष्ठतेप्रमाणे कपात केली आणि शेवटी आलेल्या काळ्या बायका पहिल्या बाहेर गेल्या. पाच जणी कोर्टात गेल्या. कोर्ट म्हणालं, कंपनीत बायका आहेत, म्हणजे बाई म्हणून भेदभाव नाही. बायका होत्या, त्या गोऱ्या, ऑफिसात. काळे म्हणून भेदभाव असेल तर तो दावा वेगळा. काळे कामगार होते, ते पुरुष. आणि दोन्ही एकत्र करून 'काळ्या बायका' असा नवा वर्ग कायदा मानत नाही. १९७६ चा हा निकाल. दोन रकाने होते, या बाया दोन्हींच्या मधल्या रेघेवर उभ्या होत्या.

मराठी वर्गात हे सांगितलं की मुलं लगेच मान हलवतात, कारण रेघ ओळखीची असते. १८५५ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुक्ताबाईने 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. पेशवाईतल्या जुलमाबद्दल लिहिता लिहिता ती एकदम बाळंतिणींवर येते: आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसतं, ऊनवाऱ्यात काय हाल होत असतील. जातीचं दुःख सांगताना तिला बाईचं दुःख बाजूला काढून ठेवता आलं नाही. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी स्त्री-पुरुषांची तुलना करून पुरुषांचे एकेक दोष त्यांच्याच पदरात घातले. त्यांची भाषा आजही वर्गात मोठ्याने वाचली की मागच्या बाकावरचे मुलगे सरळ बसतात.

आणि १९१६. पंचवीस वर्षांचे आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात भारतातल्या जातींवर निबंध वाचतात. त्यातला मुद्दा थोडक्यात असा: जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न केल्याने. मग नवरा मेलेली बाई आणि बायको मेलेला पुरुष, ही जी 'जास्तीची' माणसं उरतात, त्यांचं काय करायचं? जातीबाहेर गेली तर जात फुटते. म्हणून बाईला जाळा, नाहीतर सक्तीने विधवा ठेवा; आणि पुरुषाला बायको द्यायची तर ती लहान मुलींतून आणा. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह. तिन्ही चाली जातीच्या कुंपणाच्या खुंट्या म्हणून त्यांनी दाखवल्या. बाईवर ताबा ठेवल्याशिवाय जात उभीच राहू शकत नाही, हे त्यांनी क्रेनशॉबाईंच्या त्र्याहत्तर वर्षं आधी मांडलं आणि तेही अमेरिकेत बसून. नक्कल कुणी कुणाची केली, याचा हिशेब मित्रांना करू द्या. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रातल्या शर्मिला रेगे यांनी आयुष्यभर हाच धागा पुढे नेला. दलित बायकांची आत्मकथनं त्यांनी 'वाचायला हृद्य' या कप्प्यातून काढून सिद्धांताच्या टेबलावर ठेवली. २०१३ मध्ये त्या गेल्या, फार लवकर. त्यांच्यानंतर महाराष्ट्रात हा विषय जात वगळून शिकवणं कुणाला जमेल असं वाटत नाही.

वंशाचं मात्र जपून. १८७३ मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडच्या निग्रोंच्या अर्जाची चौकशी केली, १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभे राहिले. नातं जुनं आहे. पण जात म्हणजे वंश नव्हे. इंग्रज अधिकारी रिस्ले नाकांची मापं घेऊन जातींची उतरंड लावत होता. बाबासाहेबांनी १९४८ मध्ये तसलीच मापं हाताशी धरून उलट दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य वंशाने वेगळे ठरत नाहीत. इरावती कर्वे बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्या मोजत होत्या. गोऱ्यांच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंत फरक जास्त आणि तो वरचढ बुद्धीचा पुरावा, असा गुरूंचा होरा. बाईंची मापं तसं म्हणेनात, आणि त्यांनी तसं लिहून दिलं. (पुढे याच इरावतीबाई महाराष्ट्रातल्या जातींची डोकीनाकं मोजत गावोगाव फिरल्या. माणसं सरळ रेषेत चालत नाहीत.) परदेशी जाणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना हा भाग आता कामाला येतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने भेदभावाच्या यादीत जात घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसं विधेयक मंजूर केलं आणि राज्यपालांनी ते नाकारलं. तिथल्या मराठी मंडळांत त्या दिवसांत काय वादावादी झाली ते माझ्या फोनवर येत होतं. जात घरी ठेवून विमानात बसता येत नाही, एवढं त्यातून कळलं.

शास्त्र की चळवळ? या प्रश्नावर मी व्याख्यान देत नाही, तीन निकाल वाचायला देते.

२६ मार्च १९७२. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं, आता गडचिरोलीतलं देसाईगंज. मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात दोन शिपायांनी अत्याचार केल्याचा खटला. सत्र न्यायालय म्हणालं, मुलगी शरीरसंबंधांना सरावलेली होती, शिपाई निर्दोष. मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ म्हणालं, ठाण्यात अडकवलेल्या पोरीने निमूट राहणं म्हणजे संमती नव्हे, शिपायांना शिक्षा. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, निर्दोष. मुलगी तीच, रात्र तीच, पुरावा तोच. वर्गात आम्ही तिन्ही निकाल शेजारी ठेवतो आणि एकच काम देतो: 'संमती' हा शब्द कोणत्या ओळीत कोणत्या अर्थाने आला, पेन्सिलने खुणा करा. दोन तास जातात. एका वर्षी एक मुलगा, पोलीस भरतीची तयारी सोडून आलेला, खुणा करता करता थांबला आणि म्हणाला, "मॅडम, ठाण्यात ओरडायचं कुणाला ऐकू जायला?" पुस्तकात याला 'सत्तासंबंध' म्हणतात. त्याचं वाक्य जास्त बरं आहे.

त्या निकालानंतर वर्षभराने, सप्टेंबर १९७९ मध्ये, कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर. मुद्दा काटेकोर होता: शरण जाणं आणि संमती देणं यांत कायद्याने फरक केला पाहिजे. त्या पत्रावर देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात संबंध सिद्ध झाला आणि बाई संमती नव्हती म्हणाली, तर न्यायालयाने तसं धरून चालावं, असं कलम आलं. यातल्या लतिका सरकार म्हणजे १९७४ च्या त्या अहवालाच्या समितीवरच्याच. आता यात शास्त्र कुठे संपलं आणि चळवळ कुठे सुरू झाली, मला तरी रेघ मारता आलेली नाही. मात्र ते चार जण घोषणा देणारे नव्हते, निकालाचा एकेक शब्द वाचणारे होते. चळवळीला त्यांचा उपयोग झाला तो त्यामुळे.

लैंगिकतेबद्दल थोडंच लिहिते, कारण इथे मित्रांची भीती सगळ्यात जास्त आणि माहिती सगळ्यात कमी असते. इंग्रजांनी दंडसंहितेत समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ घातलं, १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा एक भाग तर खास हिजड्यांची नोंदवही ठेवायला होता. पुन्हा वहीच. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली, ६ सप्टेंबर २०१८ ला ३७७ मधला प्रौढांच्या संमतीच्या संबंधांचा भाग गेला. आणि 'हे आपल्याकडचं नाही' म्हणणाऱ्यांसाठी: र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उघड उत्तरं देत होते. त्यावरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा वकील म्हणून उभे राहिले ते बाबासाहेब.

या भागात आम्ही सिद्धांतापेक्षा रीतभात जास्त शिकवतो. माझा एक विद्यार्थी तृतीयपंथीयांच्या डेऱ्यावर मुलाखतीला गेला. गुरूंनी चहा पाजला आणि विचारलं, "कॉलेजातून आलेला तू चौथा. आधीच्या तिघांनी लिहून नेलं त्याचं काय केलं?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. तो परत आला, प्रश्नावली फाडली आणि आधी त्या तीन प्रबंधांचा शोध घेतला. दोन सापडले. ते त्याने डेऱ्यावर नेऊन मराठीत वाचून दाखवले. त्यानंतर लोक बोलले, आणि जे बोलले त्यात मुख्यतः त्या दोन प्रबंधांतल्या चुका होत्या.

टीकेचंही सांगते, म्हणजे बाहेर कुणी तोंडावर फेकली तर गडबडून जाणार नाही. २०१८ मध्ये तिघा अभ्यासकांनी मुद्दाम वीस बनावट निबंध लिहून या क्षेत्रातल्या नियतकालिकांकडे पाठवले. सात स्वीकारले गेले. त्यातला एक कुत्र्यांच्या बागेतल्या वर्तनावर होता आणि तो छापूनही आला होता. मी हे वर्गात शिकवते, कारण ते लाजिरवाणं आहे आणि खोटं नाही. त्याच वर्षी हंगेरीच्या सरकारने या विषयातल्या एम.ए.ची मान्यताच काढून घेतली, २०२३ मध्ये फ्लोरिडातल्या एका सरकारी कॉलेजच्या विश्वस्तांनी हा विभाग बंद करायचं ठरवलं. ही दुसरी गोष्ट पहिलीचा उपाय आहे असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. वाईट निबंधावर उतारा म्हणजे कडक परीक्षक. दाराला कुलूप लावून निबंध सुधारत नाहीत.

आपल्याकडचा दोष वेगळा. निष्कर्ष आधी लिहून ठेवायचा आणि मग गावात जायचं. एक मुलगी सरपंच बायांवर काम करत होती. ठरवूनच गेली होती की खरा कारभार नवराच करतो, बाई सहीपुरती. पहिल्या आठवड्यात तसंच दिसलं: कुणी काही विचारलं की सरपंचबाई म्हणायच्या, "ह्यांना विचारून सांगते." मुलगी खूश, प्रबंध झाला! मी म्हटलं, आणखी महिनाभर बस. महिन्याने ती चक्रावून आली. बाई नवऱ्याला काहीच विचारत नव्हत्या. ठेकेदार टेबलाशी आला की तेवढं वाक्य टाकून दोन दिवस मिळवायचे, तोवर ग्रामसेवकाकडून कागद वाचून घ्यायचे, आणि नकार द्यायचा झाला तर तो 'ह्यांच्या' नावावर द्यायचा. सगळ्या सरपंचबाया अशा असतात असं अजिबात नाही. बऱ्याच ठिकाणी नवराच खुर्चीत असतो. पण ही बाई प्रबंधात येऊ शकली ती महिनाभर बसल्यामुळे. तुम्हाला जर आपली मतं पक्की करून घ्यायची असतील तर दोन वर्षं आणि फी वाया घालवू नका. ती मतं फुकटात पक्की करून देणारे पुष्कळ आहेत.

भाषेचा त्रास होणार. वाचन जवळपास सगळं इंग्रजीत, आणि तेही असं की इंग्रजी येणाऱ्यालाही धाप लागते. लिंगभाव, पुरुषसत्ता, आंतरछेदिता (म्हणजे तीच इंटरसेक्शनॅलिटी) हे मराठी शब्दही पहिल्यांदा दगडासारखेच लागतात. माझा उपाय जुनाच आहे: चौघांनी मिळून एक लेख घ्यायचा, परिच्छेद वाटून घ्यायचे आणि प्रत्येकाने आपला परिच्छेद आईला समजेल अशा मराठीत सांगायचा. सांगता आला नाही तर बहुतेक वेळा तो आपल्याला समजलेला नसतो. कधीकधी लेखकालाच समजलेला नसतो, हेही हळूहळू कळायला लागतं. परीक्षा मराठीत लिहू देतात का, हे प्रवेशाआधीच विचारून घ्या. विद्यापीठ निवडताना इमारत बघू नका. कायम नेमणुकीचे शिक्षक किती, लघुप्रबंध सक्तीचा आहे का, मागच्या दोन वर्षांचे प्रबंध ग्रंथालयात बघायला मिळतात का, एवढं विचारा. एखाद्या मागच्या विद्यार्थ्याला चहाला न्या. तो खरं सांगेल.

पोटापाण्याचं गोड बोलणार नाही. कायम प्राध्यापकाच्या जागा फार कमी, आणि तासिका तत्त्वावरचं जगणं तुम्ही तुमच्या कॉलेजात पाहिलंच असेल. नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेला स्त्री अभ्यास हा स्वतंत्र विषय आहे, तो पास होऊन ठेवा, पण त्याच्या भरवशावर लग्न ठरवू नका. काम मिळतं ते इतर ठिकाणी. पोलीस ठाण्यांत बसणारे 'महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष' टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर १९८४ मध्ये सुरू केले आणि ते पुढे राज्यभर पसरले. कौटुंबिक हिंसाचारासाठी मुंबईच्या महापालिका रुग्णालयांत 'दिलासा' केंद्रं आहेत. माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ), उमेद (ग्रामीण बचत गटांचं अभियान) यांच्यासारखी सरकारी यंत्रणा, कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखालचे संरक्षण अधिकारी, स्वयंसेवी संस्था, पत्रकारिता. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक कचेरीत तक्रार समिती लागते आणि तिच्यावर बाहेरचा एक जाणता सदस्य असावा लागतो. प्रशिक्षणाचं हे काम वाढतं आहे, जरी कंपन्यांना त्यात बरेचदा कागद पूर्ण करण्यापुरताच रस असतो. पगार सुरुवातीला थोडे. ज्यांनी एम.ए.बरोबर कायदा, समाजकार्य किंवा चांगली संख्याशास्त्राची बैठक जोडून घेतली त्यांचं बरं चाललं आहे. नुसतं एम.ए. करून, 'मला अन्यायाची चीड आहे' एवढ्या भांडवलावर निघालेले दोन वर्षांत थकून परतलेले पाहिले आहेत. मुलगा म्हणून तुमची गरज जास्तच आहे. पुरुषांबरोबर या विषयावर काम करणारी 'मावा' ही संस्था मुंबईत १९९३ पासून आहे. तिच्यासारख्या जागी मुलग्यांना मुलगाच लागतो, कारण काही गोष्टी ते माझ्यासमोर बोलणार नाहीत.

आता वडील. 'बायकांचा विषय' यावर त्यांच्याशी वाद घालू नका, आणि हे उत्तर तर वाचून दाखवूच नका. शेतीचा सातबारा काढा. आईचं नाव आहे का बघा. १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने बायकोच्या नावे जमीन करून द्या म्हणून 'लक्ष्मी मुक्ती'ची मोहीम काढली होती, तुमच्या गावात कुणी केलं होतं का, म्हाताऱ्यांना विचारा. मग जुने फेरफार काढा. आजोबा गेल्यावर वारस म्हणून कुणाकुणाची नावं लागली होती आणि आत्यांची कधी आणि कशी कमी झाली, ते त्यात तारखेनिशी सापडेल. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित इस्टेटीत वाटा दिला १९९४ मध्ये, केंद्राने २००५ मध्ये, आणि हक्कसोड पत्रं तेव्हापासून जास्तच जोरात निघतात. तुमच्या दोन बहिणींचं काय होणार, हाही प्रश्न त्याच कागदात आहे. तो वडिलांना तुम्ही विचारला तर त्यांना नवल वाटेल. बहिणींनी विचारला असता तर राग आला असता.

शेवटी आत्याकडे जा. जेवून घ्या, घाई करू नका. तलाठ्याकडे सही केली त्या दिवशी तुला काय मिळालं, एवढंच विचारा. साडी म्हणाली तर रंग विचारा. मी आजवर ज्यांना विचारला त्यांतल्या एकीलाही तो आठवायला वेळ लागला नाही.